ग्राहक आयोगात जिंकलो, पण वसुलीचं काय? – माझा अनुभव

तक्रार दाखल करताना मला काहीच जड गेलं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात जाता येतं, वकील सक्तीचा नाही, वस्तू-सेवेसाठी मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. लेखी जबाबाला सामनेवाल्याला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला) 30 दिवस आणि फार तर आणखी 15. त्यापुढे मुदतवाढ नाही, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवून टाकलं. इथवर हा कायदा खरोखर ग्राहकाचा आहे. तीन महिन्यांत निकाल लावण्याची तरतूद मात्र तारखांपुढे टिकत नाही.

घोडं अडलं निकालानंतर. आदेश माझ्या बाजूचा, मुदत उलटलेली, आणि कंपनी ढिम्म! आयोग आपणहून वसुली करत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत जोडून दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, आपणच टाकायची. कलम 71 खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते, पण जप्त काय करायचं ते आपणच दाखवून द्यायचं. आदेश पाळला नाही तर कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा 25 हजार ते 1 लाख दंड, किंवा दोन्ही. धाक याच कलमाचा. पण अटक कंपनीला होत नाही, माणसाला होते. आणि वॉरंट ‘सदर पत्त्यावर मिळून आले नाहीत’ असा शेरा घेऊन परत येतं. मग नवा पत्ता, नवा अर्ज, नवी तारीख. जिंकलेल्या माणसाला पुन्हा रांगेत उभं करणारी ही पद्धत मला आजही संतापजनक वाटते.

म्हणून संचालकांची किंवा भागीदारांची नावं-पत्ते मूळ तक्रारीतच घाला. संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतात.

‘आम्ही अपील केलंय’ असं सांगितलं, तर स्थगितीची, म्हणजे वसुली थांबवणाऱ्या आदेशाची, प्रत मागा. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, आणि राज्य आयोगात अपिलासाठी त्यांना निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

आणि हो, तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कंपनीशी ईमेल करत बसलात म्हणून ती थांबत नाही.

मागणीत व्याज ‘रक्कम प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत’ असंच लिहा. पैसे ज्या खात्यात भरले त्याचा क्रमांक असलेली पावती जपून ठेवा. जप्तीच्या अर्जात पहिल्यांदा तोच लागतो.