डेलाच्या जंगलात वारा सुटला तेव्हा

टीवर, म्हणजे जिथून पहिली फेक टाकतात तिथे, पान हलत नव्हतं. खरंच सांगते, मी खाली वाकून मूठभर सुकी पानं उचलली आणि सोडली तर सरळ पायाशी पडली. पण मान वर केली तर ओकच्या झाडांचे शेंडे नुसते घुसळून निघत होते, आणि आवाज असा की जवळ कुठेतरी मोठी नदी वाहतेय असं वाटावं. माझा भाचा शेजारी उभा होता, तो म्हणाला, "मावशी, इथलं बघू नको. वरचं बघ."

ही गोष्ट २०१९ च्या एप्रिलमधली. कॅलिफोर्नियात सांताक्रूझचं डेलाव्हेगा, डिस्क गोल्फचा कोर्स, म्हणजे खेळायची जागा, ज्याला इथले सगळे नुसतं डेला म्हणतात. आम्ही सनीवेलहून सतरा नंबरच्या हायवेने डोंगर ओलांडून शनिवारी सकाळी पोचलो. मी तोवर दोन वर्षं डिस्क गोल्फ खेळत होते पण सगळं सपाट मोकळ्या पार्कात, जिथे चुकलं तरी डिस्क गवतात पडते आणि आपण चालत जाऊन उचलतो. डेला म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. डोंगर, दऱ्या, ओकची वेडीवाकडी खोडं, आणि त्यामधून जेमतेम एक डिस्क जाईल एवढ्या फटी.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फसारखंच आहे, फक्त बॉल आणि काठीच्या जागी डिस्क, म्हणजे फ्रिसबीसारखी चकती, आणि खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, तिच्यावर साखळ्या लोंबतात. डिस्क साखळ्यांना लागून टोपलीत पडली की होल संपलं. कमीत कमी फेकीत पूर्ण करायचं. ही साखळ्यांची टोपली एड हेड्रिक नावाच्या माणसाने काढली, तो फ्रिसबी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होता. पहिला कायमस्वरूपी कोर्स त्यानेच १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह पार्कात केला आणि १९७६ मध्ये खेळाडूंची संघटना काढली. पुढे तो ह्याच सांताक्रूझच्या भागात राहायला आला आणि २००२ मध्ये इथेच गेला. त्याची इच्छा होती की आपली राख प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या डिस्क बनवाव्यात, आणि घरच्यांनी तसं खरंच केलं. मला भाच्याने हे गाडीत सांगितलं तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. एखाद्या माणसाचं आपल्या कामावर एवढं प्रेम असावं!

तर वारा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे म्हणजे वाऱ्याचे महिने. आतला भाग उन्हाने तापायला लागतो, समुद्र मात्र गारच असतो, त्यामुळे सकाळी दहा-अकरा वाजले की वायव्येकडून वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत वाढतच जातो. आम्ही साडेनऊला सुरुवात केली होती, तिसऱ्या-चौथ्या होलपर्यंत काही कळलं नाही, मला वाटलं झाडी आहे, आत वारा कुठला लागतोय. आणि इथेच मी चुकले.

झाडीतला वारा मोकळ्या मैदानातल्या वाऱ्यासारखा सरळ नसतो. मैदानात तोंडावर लागतो, कळतो, त्याप्रमाणे आपण फेकतो. झाडीत टीवर शांत, पन्नास फुटांवर शांत, आणि मग जिथे झाडं जरा विरळ होतात किंवा दरीचं तोंड येतं तिथे एकदम बाजूने झोत येतो. शिवाय खोडांमधून येताना तो वळतो, फिरतो, कधी उलटाही येतो. म्हणजे तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या वाऱ्याला काही अर्थच नाही, डिस्क जिथे जाणार आहे तिथला वारा बघायचा असतो.

मी लेपर्ड काढली. माझी सगळ्यात आवडती डिस्क, केशरी, हलकी, माझ्यासारख्या फार जोर नसलेल्या खेळाडूच्या हातून पण लांब जाते. बऱ्याच डिस्कवर चार आकडे छापलेले असतात, पहिला वेगाचा, दुसरा किती तरंगेल त्याचा, तिसरा सुरुवातीला किती वळेल आणि चौथा शेवटी किती पडेल त्याचा. लेपर्ड म्हणजे ६, ५, उणे २, १. तो उणे दोन लक्षात ठेवा. उजव्या हाताने बॅकहँड टाकली की ही डिस्क सुरुवातीला थोडी उजवीकडे जाते आणि मग सावकाश डावीकडे येते, शांत दिवशी इतकी सुंदर जाते की बघत राहावं.

मी टाकली. पहिले दीडशे फूट अगदी मनासारखी गेली, दोन खोडांच्या मधून, सरळ, छातीच्या उंचीवर. मग झाडी संपली आणि समोरून झोत आला. मला ती हललेली दिसली. एक क्षण डिस्क जागच्या जागी थांबल्यासारखी झाली, मग तिची उजवी कड खाली गेली आणि ती तशीच उजवीकडे वळत वळत वळतच राहिली, परत आलीच नाही, दरीवर गेली, दोन वेळा उन्हात चमकली आणि खाली झाडांत दिसेनाशी झाली. आवाज पण नाही आला.

भाच्याने समजावून सांगितलं, पंधरा वर्षांचा मुलगा पण ह्या विषयात मला गुरूच. डिस्कला आपण किती जोरात फेकली ते कळत नाही, तिच्या अंगावरून हवा किती वेगाने जातेय तेवढंच कळतं. समोरून वारा असेल तर हवेचा वेग वाढतो, डिस्कला वाटतं की आपल्याला खूपच जोरात फेकलंय, आणि जी डिस्क आधीच उजवीकडे वळणारी आहे ती सरळ उलटते. मागून वारा असेल तर बरोबर उलटं, डिस्कला वाटतं हळू फेकलंय, आणि ती लवकर डावीकडे कलते आणि दगडासारखी खाली येते. म्हणून समोरच्या वाऱ्यात जड, न वळणारी डिस्क, फायरबर्डसारखी, आणि पाठीमागच्या वाऱ्यात तरंगणारी. मी नेमकं उलटं केलं होतं.

दरीत उतरायचं मी मनात आणलं पण त्याने हात धरला. खाली सगळी पॉयझन ओकची झुडपं. तीन-तीन पानं, चकचकीत, वसंतात कोवळी लालसर असतात, दिसायला छान, आणि अंगाला लागली की दोन आठवडे खाज आणि फोड. "राहू दे मावशी, डिस्कच्या मागे फोन नंबर लिहिलाय ना?" लिहिला होता. इथे सगळेच लिहितात.

ह्यानंतरची पाच-सहा होल मी फार जपून खेळले, त्यातलं सगळं आठवतही नाही. पण एक पट, म्हणजे टोपलीजवळून टोपलीत टाकायची फेक, विसरणार नाही. टोपली उतारावर होती, डेलाला हे फार आहे, जमीन कडक, वर सुकी पानं, आणि टोपलीच्या मागे सरळ घसरण. मी वीस फुटांवर होते. एवढं तर मी घरामागे रोज टाकते. वारा समोरून येत होता, मला माहीत होतं की समोरच्या वाऱ्यात पट वर उचलला जातो म्हणून मी जरा खाली नेम धरला, सगळं बरोबर केलं, आणि डिस्क साखळ्यांच्या उजव्या कडेला लागली, खळ्ळ असा आवाज आला, बाहेर पडली आणि जमिनीवर कडेवर उभी राहिली. नाणं उभं राहावं तशी. आडवी पडली असती तर दोन फुटांवरून टाकून मोकळी झाले असते. पण मागून आलेल्या एका झुळकीने तिला ढकललं आणि ती निघाली, आधी हळूहळू, मग उड्या मारत, आणि थांबली ती साठ एक फूट खाली, एका ओकच्या मुळाशी. तिथून वर टोपली दिसत पण नव्हती.

भाचा म्हणाला इथे वारा असताना टोपलीच्या वरच्या बाजूने पट मारायचाच नाही. आधीची फेकच अशी टाकायची की आपण टोपलीच्या खालच्या बाजूला येऊ, मग वर चढावाकडे पट मारायचा, चुकला तरी डिस्क डोंगराला लागून तिथेच राहते. म्हणजे पटाचा विचार पटाच्या वेळी करायचा नसतो, एक फेक आधी करायचा असतो. मला हे फार पटलं. त्या दिवशी मी जे शिकले त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच असेल.

दहाव्या का अकराव्या होलवर आम्ही थांबून डबा खाल्ला, बहिणीने थालीपीठं आणि दही दिलं होतं. तेव्हा मी नुसती झाडांकडे बघत बसले होते, आणि मला एकदम आमच्या निफाडजवळच्या गावातलं खळं आठवलं. माझे आजोबा गव्हाला वारं द्यायचे. उंच तिपाईवर उभे राहायचे, डोक्याच्या वर पाटी धरायची आणि दाणे सोडायचे, दाणे सरळ खाली, भुसा लांब. पण ते कधीच लगेच सोडायचे नाहीत. पाटी धरून नुसते उभे. आम्ही पोरं खाली कंटाळून जायचो, आजोबा टाका ना, टाका ना. ते म्हणायचे, "हे वारं न्हाई बाळा, हा झपाटा आहे. झपाटा जाऊ दे, मागून वारं येतं." आणि खरंच यायचं. झपाट्यात सोडलं की दाणे पण भुशात जायचे, सारखं चालणाऱ्या वाऱ्यात सोडलं की दोन्ही वेगवेगळं.

डिस्क गोल्फमध्ये आपली पाळी आली की फेकायला तीस सेकंद मिळतात. तीस सेकंद म्हणजे बराच वेळ असतो! मी आतापर्यंत ते कधी वापरलेच नव्हते, टीवर गेले की टाकली. त्या दिवशी डबा खाऊन उठल्यावर मी प्रत्येक होलला उभी राहायला लागले. वर शेंड्यांकडे बघायचं, लांबच्या झाडांकडे बघायचं, कारण झोत आधी तिकडे दिसतो आणि मग आपल्याकडे येतो, तो येऊन जाऊ द्यायचा, आणि मग पुढची दहा-बारा सेकंदं शेंडे जरा निवांत असतात, तेवढ्यात टाकायची. आणि लेपर्ड तर गेलीच होती, म्हणून मी रॉक वापरली, मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क, ती लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरएवढी लांब जात नाही पण सांगितलेलं ऐकते. जोर अर्धा, उंची खांद्याच्या खाली, भाचा मागून सारखा "नोज खाली, नोज खाली," म्हणजे डिस्कची पुढची कड वर उचलू द्यायची नाही, उचलली की वारा खाली शिरतो. खोडांमधून कमी उंचीवर गेलेली डिस्क वाऱ्याला सापडतच नाही. दोनशे फूट जाते, पण फेअरवेवर, म्हणजे टी आणि टोपलीमधल्या वाटेवर असते. मग परत दोनशे.

मग शेवटी सत्ताविसावं होल. त्याला टॉप ऑफ द वर्ल्ड म्हणतात आणि ते नाव शोभतं. सकाळपासून झाडीत, सावलीत, अंग चोरून खेळलेलं असतं आणि एकदम तुम्ही कड्यावरच्या टीवर येता, समोर सगळं उघडं, खाली झाडांचे शेंडे, पलीकडे मॉन्टेरे बे, निळाशार. टोपली खाली लांब, इतकी लांब की आधी शोधावी लागते. आणि वारा! अडवायला काहीच नाही, माझे केस, टोपी, शर्ट सगळं फडफडत होतं, भाच्याशी बोलायला ओरडावं लागत होतं. वारा उजवीकडून.

त्याने हाताचा पंजा डिस्कसारखा धरून दाखवलं. उजवीकडून वारा असताना डिस्क डावीकडे कलली की तिचं पोट वाऱ्याला दिसतं, आणि पोट दिसलं की वारा तिला उचलून डावीकडे कुठल्या कुठे नेतो. पावसात छत्रीच्या खालून वारा शिरला की काय होतं, तसंच. पाठ दाखवली तर वारा तिला खाली दाबतो. म्हणून जरा उजवी कड खाली ठेवून टाक, वर नको टाकू, खाली डोंगर आहेच, तो उतरवेल.

तिथे उभी राहिले. आजोबांसारखी. एक झोत गेला, दुसरा गेला. भाचा काही बोलला नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही. मग लांबची झाडं थांबली आणि मी रॉक टाकली, निम्म्या जोरात, उजवी कड बोटभर खाली. ती कड्यावरून बाहेर गेली, वाऱ्याने तिला जरा दाबलं, मग ती सपाट झाली आणि नुसती जात राहिली, खाली खाली, तरंगत, किती वेळ! मी मनात मोजत होते, सहा, सात. शेवटी जरा डावीकडे वळली आणि फेअरवेच्या मधोमध पडली. भाचा ओरडला, मागच्या ग्रुपमधले दोन अनोळखी लोक पण टाळ्या वाजवायला लागले. टोपलीत जायला अजून तीन फेकी लागल्या, पण ती एक फेक मी आजही डोळे मिटून बघू शकते.

घरी येऊन आईला नाशिकला फोन केला, तिला खेळाचं काही कळत नाही पण आजोबांची पाटी म्हटल्यावर ती गप्पच झाली. मग म्हणाली, तिपाई अजून गावच्या घरात माळ्यावर आहे.

मंगळवारी ऑफिसात असताना एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. केशरी लेपर्डचा फोटो, ओकच्या फांदीच्या बेचक्यात अडकलेली, जमिनीपासून चांगली बारा फूट वर. दरीत पडलीच नव्हती ती. त्या माणसाने काठीने काढून पहिल्या टीजवळच्या कुंपणावर ठेवली होती. मी लगेच भाच्याला फोटो पाठवला. त्याने विचारलं, "शनिवारी जायचं का? वारा आहे म्हणतात."