बॅन्फमध्ये वीकेंड होम मिळत नाही, आणि तेच बरं आहे

आम्ही कॅनडात कॅलगरी शहरात राहतो, आणि तिथून जवळच डोंगरात बॅन्फ गाव आहे. परवा भावाचा फोन आला, "ताई, कॅलगरीत इतकी वर्षं आहात, बॅन्फला एक छोटा फ्लॅट घेऊन ठेवा ना, हिवाळ्यात स्कीइंगला जाल आणि बाकीचं वर्ष भाड्याने लावाल." कल्पना मलाही पटली म्हणून चौकशी केली, तर कळलं की तसं करताच येत नाही. बॅन्फ गाव नॅशनल पार्कच्या आत आहे, जमीन केंद्र सरकारची, घरं सगळी लीजवर, आणि तिथे राहायचं तर मुळात तिथे नोकरी किंवा धंदा पाहिजे, किंवा पार्कमध्ये सलग 5 वर्षं काम करून तिथेच रिटायर झालेलं पाहिजे. 'नीड टू रिसाइड' म्हणतात या नियमाला. खिशात कितीही पैसे असोत, सुट्टीपुरतं घर नाही म्हणजे नाही.

आधी रागच आला. टॅक्स आम्हीही भरतो, मग आम्हाला का नाही? पण लोणावळ्याच्या टेकड्यांवर एकेक करत बंगले कसे चढत गेले ते डोळ्यांसमोर आलं आणि राग ओसरला.

या पार्कमध्ये 3 स्की रिसॉर्ट आहेत: सनशाइन, लेक लुईझ आणि नॉर्क्वे. तिन्ही जुनी. चौथं होणार नाही, कारण स्की एरियाच्या हद्दी 2000 सालच्या नॅशनल पार्क कायद्यानेच बांधून टाकल्यात. हे आपोआप झालेलं नाही बरं का, मागणी पहिल्यापासून होतीच. लेक लुईझला मोठं टुरिस्ट गाव वसवायचा प्रस्ताव होता, तो 1972 मध्ये ज्याँ क्रेतियें यांनी नाकारला, म्हणजे जे पुढे पंतप्रधान झाले तेच, तेव्हा पार्कचं खातं त्यांच्याकडे होतं. 1988 ला कॅलगरीत विंटर ऑलिम्पिक झालं तेव्हाही डोंगरावरच्या स्कीइंगच्या शर्यती पार्कमध्ये नाही, बाहेर नाकिस्काला झाल्या. आणि 2015 मध्ये लेक लुईझबरोबर जे ठरलं ते तर मला फारच आवडलं: रिसॉर्टने लीजची जवळपास 30 टक्के जमीन परत सोडायची, आणि बदल्यात उरलेल्या भागात ठरावीक मर्यादेपर्यंत स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या नवीन लिफ्ट, नवीन उतार. वाढ हवी ना, मग काहीतरी सोडा.

पण मी सगळ्यात जास्त हलले ती एका झाडाच्या गोष्टीने. व्हाइटबार्क पाइन नावाचं झाड आहे, वर जिथे जंगल संपत येतं तिथे वाऱ्यात वाकडंतिकडं उभं असतं. लिफ्टमधून जाताना मुलीने दाखवलं, नाहीतर मला सगळे पाइन सारखेच. एकेका झुबक्यात पाच सुया, ही खूण. याची फळं आपोआप उघडत नाहीत, क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा राखाडी पक्षी चोचीने ती फोडतो, बिया हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो, आणि ज्या उकरायच्या राहून जातात त्यातून नवीन झाडं येतात. खारींनी साठवलेल्या याच बिया अस्वलं शोधून खातात. झाडाला फळं धरायलाच कित्येक दशकं लागतात, वर बाहेरून आलेली बुरशी आणि खोडकिडे यांनी इतकी झाडं मेली की 2012 मध्ये कॅनडाने त्याला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत टाकलं. आणि 2013 मध्ये लेक लुईझ रिसॉर्टच्या कामगारांनी स्कीच्या वाटेवरची झाडं साफ करताना हीसुद्धा तोडली. खटला चालला, रिसॉर्टने गुन्हा कबूल केला, 2018 मध्ये दंड झाला 21 लाख डॉलर. झाडांसाठी! मी ती बातमी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली.

आता कोणी म्हणेल की यांना काय जातंय, एवढा मोठा देश आणि माणसं जेमतेम 4 कोटी. खरंय ते. आपल्याकडे एकेका डोंगरावर किती पोटं अवलंबून असतात, ते यांना कळणार नाही. आणि आपल्याला काहीच जमत नाही असंही नाही हं, माथेरानला आजही दस्तुरी नाक्याला गाडी लावून पुढे चालत, घोड्यावर, टॉय ट्रेनने नाहीतर ई-रिक्षाने जावं लागतं, ते गाडीबंदीचं गाव आपलंच आहे. इथे पार्कमधल्या मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद व्हायला 2023 उजाडलं!

आणि इथलंही सगळं छान नाही. पार्कमध्ये वर्षाला 40 लाखांवर माणसं येतात. जागा मोजकी म्हणजे स्कीचा पास महाग, त्यामुळे साध्या पगाराच्या घरातली मुलं स्कीपर्यंत पोचतच नाहीत, हे मला खूप खुपतं. पार्कच्या वेशीबाहेरच्या कॅनमोरचं तर विचारू नका. बॅन्फमध्ये घर घेता येत नाही म्हणून सगळी गर्दी तिथे, जिकडे बघावं तिकडे कॉन्डो, आणि तिथल्याच दरीतून अस्वलं आणि एल्क जातीची हरणं येजा करतात, त्यांची वाट दरवर्षी अरुंद होतेय. मर्यादा घातली तरी मागणी मरत नाही, ती शेजारच्या गावात जाऊन बसते.

आम्ही जातो स्कीइंगला, आणि जाणार. मुलीला पाच सुयांचं झाड ओळखता येतं ते तिथे गेल्यामुळेच, असं मला मनापासून वाटतं. पण शनिवारी सकाळी हायवेवर एकेक माणूस एकेक गाडी घेऊन निघालेला बघते तेव्हा वाटतं, घरांवर आणि लिफ्टवर मर्यादा घातलीत तशी आता गाड्यांवर घाला. कॅलगरी ते बॅन्फ ट्रेनची नुसती चर्चा कधीपासून ऐकतेय. ती आणा, तिकीट परवडेल असं ठेवा, मग पार्किंग खुशाल अर्धं करा.