नडगी दुखत असताना धावावे का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. बेळगावच्या वॅक्सिन डेपोच्या मैदानावर नव्याने धावू लागलेले, त्यातही सैन्यभरतीच्या तयारीसाठी येळ्ळूर-खानापूर भागातून येणारे तरुण, नडगी दुखत असताना धावणे थांबवावे का, असे मला वारंवार विचारतात. माझे म्हणणे असे की आधी दुखणे नेमके कुठे आहे ते बोटाने शोधावे.

पायमोजा खाली करून घोट्याच्या वरून नडगीच्या आतल्या कडेने, जिथे हाड संपून पोटरी सुरू होते तिथे, अंगठा दाबत वर न्यावा. चार-पाच बोटे लांबीच्या पट्ट्यात सगळीकडे दुखले, तर बहुधा ते डॉक्टर ज्याला शिन स्प्लिंट्स म्हणतात ते नवख्यांचे नेहमीचे दुखणे असते. मात्र नाण्याएवढ्या एकाच जागी कळ आली, रात्री पडल्यावरही ठणका लागला किंवा एका पायावर उडी मारवेना, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता धरून धावणे त्याच दिवशी बंद करावे आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असा तडा एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे चांगला आला एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

दम लवकर वाढतो, हाड मात्र सावकाश तयार होते, कारण ताण पडलेल्या जागचा जुना भाग शरीर आधी काढते आणि नंतर तिथे नवा घालते. नेमक्या याच काळात, हाड कमकुवत असताना, आपला उत्साह वाढलेला असतो. त्यात जूनमध्ये आपल्याकडची लाल माती निसरडी झाली की सगळे एकदम डांबरी रस्त्यावर येतात आणि रविवारी राजहंसगडाचा उतारही जोरात धावून उतरतात. एवढे सगळे एकाच आठवड्यात बदलले तर नडगी दुखणारच.

साध्या दुखण्यात पूर्ण विश्रांतीची गरज सहसा नसते. अंतर निम्म्यावर आणावे, थोडे धावून थोडे चालावे, पावले आखूड आणि जलद टाकावीत. टाचा उचलण्याचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, असा दोन्ही प्रकारे करावा. दुसऱ्या प्रकाराने पोटरीचा खोलवरचा स्नायू बळकट होतो आणि तोच बहुतेकांकडून राहून जातो. बर्फाने तेवढ्यापुरते बरे वाटते. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण थांबण्याची सूचना देणारी वेदनाच तिने दबते. भरतीची १.६ किलोमीटरची धाव जवळ आली असेल, तर दम टिकवण्यासाठी तोवर सायकल चालवावी.