सामाईक

वेंगुर्ल्याला काकांच्या घरी ओटीवर एक कॉम्प्युटर आहे. त्यावर अजून विंडोज एक्सपी चालतं, कारण काजूचे वजन-हिशेब ज्या प्रोग्रॅममध्ये आहेत तो दुसऱ्या कशावर उघडत नाही. खाऱ्या हवेने त्याच्या पत्र्याला गंज चढलाय. गेल्या पावसात हार्ड डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून मी माझ्या खणात पडलेली ३२० जीबीची जुनी आयडीई डिस्क (रुंद पट्टीच्या वायरने जोडायची, जुन्या धाटणीची) घेऊन गेलो.

सीडी २००१ची, मूळ एक्सपीची. इन्स्टॉल करायला बसलो तर पडद्यावर डिस्कची जागा १,३१,००० एमबीच्या आसपास. निम्म्याहून जास्त डिस्क गायब! त्या एक्सपीला सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एकेका छोट्या कप्प्याचा, पत्ता २८ बिटांतच लिहिता येतो. म्हणजे सुमारे २६.८४ कोटी सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. गुणाकार केला की १३७ जीबी; पडद्यावरचा एमबी १०२४च्या पटीत मोजलेला, म्हणून तिथे आकडा १,३१,००० दिसतो. पुढची जागा असते, पण तिला पत्ता नसतो.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "सातबाऱ्यार नाव नाय म्हणान जमीन काय दर्यात गेली?"

एवढं नेमकं मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

बायोस, म्हणजे मशीन चालू करताना सगळ्यांत आधी जागा होणारा प्रोग्रॅम, नशिबाने समजूतदार होता; त्याला अख्खी डिस्क दिसत होती. मग आधी डिस्कचा ४० जीबीचा एक भाग, म्हणजे पार्टिशन, पाडून त्याचा सी केला, त्यावर एक्सपी आणि नंतर सर्व्हिस पॅक, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा. २००२च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून एक्सपीला ४८ बिटांचे पत्ते वाचता येतात. त्याआधी घाईने मोठं पार्टिशन वापरायला जाण्यात धोका असतो. १३७च्या पुढे लिहायला गेलं की पत्त्याचे वरचे आकडे गळतात, मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि आपली नवी फाइल डिस्कच्या सुरुवातीच्या मजकुरावर जाऊन बसते. शेजाऱ्याच्या बागेत आपला गडगा घालावा, तसं.

परत सुरू केल्यावर डिस्क मॅनेजमेंट उघडलं. सीची निळी पट्टी, आणि तिच्या उजवीकडे लांबलचक काळी पट्टी, वाटप न झालेल्या जागेची. काका चष्मा कपाळावर सरकवून पुढे वाकले. मोजणीवाला आला की ते असेच वाकतात.

"किती भाग करूचे?"

पार्टिशनच्या तक्त्यात चारच रकाने, सोळा-सोळा बाइटचे. हे ऐकून काका खुश झाले. "आमी भाव पाच. पाचव्यान खंय जावचा?" पाचव्यासाठी चौथ्याला एक्स्टेंडेड करून त्याच्या पोटात खोल्या काढायच्या, म्हटलं. पडवी बंद करून पाचव्याची चूल मांडतात, तेच.

डीला त्यांनी नाव दिलं 'काजू', ईला 'फोटो'. मी उगाच पूर्ण फॉरमॅट लावला, जो सगळी जागा तपासत बसतो. ईचे एक्केचाळीस टक्के झाले आणि लाइट गेली. यूपीएस कधीचा अडगळीत. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. या खेपेस मुकाट्याने क्विक फॉरमॅट केला.

शेवटी वीसेक जीबीचा काळा तुकडा उरला होता. माउस त्यावर नेला, तर काकांनी माझा हात धरला.

"ऱ्हवांदे ता. सामाईक."