मॅगझिनात साबण मिळतो

माझा धाकटा दीर बोटीवर फिटर आहे. बोट बंदराला लागली की घरच्या ग्रुपवर त्याचा पहिला फोटो येतो तो दुकानाचा. चर्च, पुतळे, समुद्रकिनारे नंतर. आधी साबण आणि सिमकार्ड कुठे मिळतं ते. मागे रुमानियातल्या कॉन्स्टान्झा बंदरातून असाच एक फोटो आला. पाटीवर 'मागाझिन मिक्स्त', खाली कांद्याची पोती, बिअरचे क्रेट आणि दाराला टेकवलेले झाडू. सोबत मेसेज: "वैनी, हंयसर किराण्याच्या दुकानाक मॅगझिन म्हणतत. तुमचा वाचनालय बंद पडला तर हंय येवा."

मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावचं वाचनालय सांभाळते. आमच्याकडे मॅगझिन म्हणजे मासिकं-साप्ताहिकं. त्यांची वर्गणी वेगळी, आणि नवा फिल्मी अंक आला की तो कोणाच्या घरी गेला यावरून रुसवेफुगवेही वेगळे. तेव्हा कांद्याची पोती बघून मी चक्रावले आणि कोश उघडून बसले. पावसाळ्यात दुपारी चिटपाखरू फिरकत नाही, एवढा वेळ मिळतो.

शब्द मुळात अरबी. 'खझन' म्हणजे साठवून ठेवणं, आणि 'मखझन' म्हणजे साठवायची जागा. फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला 'खजिना' याच धातूचा. म्हणजे पतपेढीचे खजिनदार आणि नट्यांचे फोटोवाले अंक एकाच कुळातले निघाले. मोरोक्कोत तर सरकारलाच 'मखझन' म्हणतात. तिजोरी ज्याच्या हातात तो राजा, यात लपवायचं काय!

भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून हा शब्द युरोपच्या बंदरांत उतरला. इटालियनांनी 'मागाझ्झीनो' केलं आणि अर्थ जवळपास तसाच ठेवला: गोदाम. स्पॅनिशने अरबीतलं 'अल्' हे उपपदही शब्दासकट उचललं आणि 'अल्मासेन' बनवलं. पोर्तुगीजांचं झालं 'अर्माझें'. दोन्हींचा अर्थ गोदामच. पण तोच अल्मासेन समुद्र ओलांडून अर्जेंटिनात गेला आणि तिथे नाक्यावरचं वाण्याचं दुकान झाला. डचांचं 'मागाझैन' म्हणजे आजही माल ठेवायची जागा. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकातल्या डचांच्या जुन्या इमारतीच्या भिंती अजून उभ्या आहेत. वेली इतक्या चढल्यात की खिडकी कुठली आणि भगदाड कुठलं ते कळत नाही. आम्ही तिला वखार म्हणतो.

या 'वखार' शब्दापाशीच मला दिराच्या पाटीचा उलगडा झाला. राजापूरची इंग्रजांची वखार, वेंगुर्ल्याची डचांची वखार, म्हणजे माल साठवायची आणि व्यापाराची जागा. पण 'वखारीत जाऊन दोन मण लाकडं आण' असं माझी आजी म्हणायची तेव्हा ती दुकानाबद्दलच बोलत असायची. लाकडाची वखार, कोळशाची वखार: साठवतात तिथेच विकतात. वखारीला रस्त्याच्या बाजूने दार पडलं, दारात तराजू लागला, की झालं दुकान. फ्रेंचांच्या 'मागाझां'चं नेमकं हेच झालं. आधी कोठार, मग दुकान. रशियनमध्ये 'मागाझीन' म्हणजे दुकानच, आणि रुमानियात तर आमच्या भावोजींनी स्वतः जाऊन साबण आणला.

इंग्रजांचं मात्र सगळंच निराळं. त्यांनी कोठार घेतलं ते मुख्यतः दारूगोळ्याचं. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत जे उडवून दिलं गेलं, ते मॅगझिनच. पुढे बंदुकीतला काडतुसांचा खण म्हणजेही मॅगझिन. 'गावठी पिस्तूल व मॅगझिन जप्त' ही बातमी आपल्या पेपरात नेहमीच असते.

मग वाचायचं मॅगझिन आलं कुठून? इंग्रजीत पुस्तकांच्या नावातही हा शब्द 'माहितीचं कोठार' म्हणून वापरायची पद्धत पडली होती. १६६९ साली सॅम्युअल स्टर्मी नावाच्या दर्यावर्दीने खलाशांसाठी 'मरिनर्स मॅगझिन' नावाचा जाडजूड ग्रंथ काढला. ते मासिक नव्हे, नौकानयनाच्या विद्येचं कोठार. हे दिराला कळवल्यावर त्याने लगेच विचारलं, 'पीडीएफ आसा काय?' त्यानंतर १७३१ मध्ये लंडनच्या एडवर्ड केव्हने 'जंटलमन्स मॅगझिन' सुरू केलं. इकडचे तिकडचे लेख, बातम्या, कविता एका जागी साठवून महिन्याच्या महिन्याला देणारं. ते इतकं चाललं की १७५५ च्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सनला या शब्दाचा दुसरा अर्थ द्यावा लागला, आणि त्यात त्याने केव्हचं नावही घातलं. एका छापखानेवाल्याने शब्दाचा अर्थ फिरवला आणि कोशकाराने त्याची पावती फाडली, असं क्वचितच होतं. जॉन्सन स्वतः केव्हकडे लिहायचा, म्हणून असेल कदाचित.

फ्रेंचांना हा नवा अर्थ हवा झाला तेव्हा त्यांनी आपलाच शब्द इंग्रजांकडून उसना घेतला. आता त्यांच्याकडे दोन आहेत: दुकानाचा वेगळा, मासिकाचा वेगळा. जर्मनांनी एकाच शब्दात नियतकालिकही बसवलं आणि कोठारही. त्यांच्या ग्रंथालयांत 'मागाझीन' म्हणजे वाचकांना मज्जाव असलेली आतली खोली, जिथे जुनी पुस्तकं रचून ठेवलेली असतात. चिठ्ठी द्यायची, कर्मचारी आणून देतो. हे वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण आमच्याकडेही अशी खोली आहे. आम्ही तिला कोठी म्हणतो.

आपल्या लोकांनी या कोठाराच्या कल्पनेच्या वाटेला न जाता साधा काळ मोजला: मासिक. पहिलं मराठी मासिक 'दिग्दर्शन' १८४० चं, बाळशास्त्री जांभेकरांचं. ते आमच्याच जिल्ह्यातले, पोंभुर्ल्याचे. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हेही मूळचे आजगावकर. नाव जरी 'मासिक' ठेवलं तरी दिवाळी अंकात आपण कोठारच भरतो: कथा, कविता, व्यंगचित्रं, वर्षाचं भविष्य, मधेच सोनाराची जाहिरात.

आमच्या कोठीतले असे अंक आता छतापर्यंत पोचलेत. कसर लागलेले, काही ओल येऊन विटांसारखे घट्ट झालेले. पानं सोडवताना लाकडी पट्टी लागते. कार्यकारिणीत विषय निघाला की जुने अंक रद्दीत द्यावेत, येतील त्या पैशांत पंखा बसवावा. माझं म्हणणं, आधी यादी करू, वाचता येतील ते अंक वेगळे काढू, उरलेल्यांचं मग बघू. अध्यक्ष म्हणाले, "बाई, वाचनालय म्हणजे काय वखार आहे?" मी म्हटलं, "अर्धी आहेच." विषय पुढच्या सभेवर ढकललाय. यादी 'म' पर्यंत आली आहे.