सात ते दहा

आमच्या आबांनी १९८८ साली शिवाजी उद्यमनगरात जुनं लेथ घेतलं. शेड भाड्याचं, पत्र्याचं. गुऱ्हाळाच्या चरकाचे रोल टर्न करायचे, ऑइल इंजिनाचे सुटे भाग दुरुस्त करायचे, कुणाची शाफ्ट मोडली की तशीच दुसरी करून द्यायची, हे काम. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावं आबा घरातल्या थोरामोठ्यांसारखी घ्यायचे. कोल्हापुरात पॅटर्न करणारा, ओतकाम करणारा आणि मशीनिंग करणारा एका हाकेच्या अंतरावर मिळतो, त्याची सुरुवात अशाच माणसांनी केली, हे त्यांनी मला लहानपणापासून सांगितलं. आबांचा सगळा व्यवहार तोंडी चालायचा. माप डोक्यात, दर डोक्यात, उधारी डोक्यात. लिहायचं ते फक्त बिल, तेही गिऱ्हाईक मागेल तेव्हा.

मी डिप्लोमा करून २००६ साली कामाला लागलो. पुढे गोकुळ शिरगावला शेड घेतलं, २०११ मध्ये बँकेचं कर्ज काढून पहिलं सीएनसी (संगणकाने चालणारं मशीन) आणलं, नंतर दोन व्हीएमसी (उभ्या अक्षाची तशीच मिलिंग मशीनं). आज चौदा माणसं आहेत. एफजी २६० ग्रेडच्या कास्टिंगची, म्हणजे बिडाच्या ओतकामाची, हाउसिंग आणि ब्रॅकेट आम्ही मशीन करतो. बराचसा माल पुण्याकडे जातो.

मशीनं वाढली तसा कागद वाढला. मोठ्या कंपन्यांना माल हवाच असतो, पण मालाबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्ट, चौकशीला कोटेशन, उशीर झाला तर खुलासा, रिजेक्शन आलं तर एट-डी रिपोर्ट हवा असतो, आणि सगळं इंग्रजीतून. दिवसभर मी शॉपवर असायचो. संध्याकाळी सातला दिवसपाळी सुटली की ऑफिसात बसून लिहायला घ्यायचो आणि दहाला उठायचो. इंग्रजी मला वाचायला नीट येतं. लिहायला बसलं की मात्र एका मेलला पाऊण तास जायचा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याचा रस्ता बंद झाला, तेव्हा माल तयार होता पण टेम्पो जाऊ शकत नव्हता. त्या दिवसांत माझा सगळा जीव प्रत्येक कंपनीला वेगवेगळं पत्र लिहिण्यात गेला. खरं तर त्या वेळी मी कामगारांच्या घरी जाऊन बघायला हवं होतं. दोघांच्या घरात पाणी शिरलं होतं.

एआय असिस्टंट आमच्याकडे आला तो मुलीमुळे. ती बारावीला होती. एकदा मी घरी लॅपटॉप घेऊन बसलेलो पाहून म्हणाली, "पप्पा, काय सांगायचंय ते मराठीत बोला की, ते इंग्रजीत करून देतंय." मी बोललो. कास्टिंगमध्ये ब्लो होल (हवेच्या पोकळ्या) निघाल्यामुळे चाळीस नग कमी पाठवतोय, उरलेले गुरुवारी येतील, एवढंच. अर्ध्या मिनिटात नीट, सभ्य, मुद्द्याचं पत्र समोर आलं. मी एक शब्द बदलला आणि पाठवून दिलं.

पुढचे दोन महिने मी त्याच्याकडून फक्त मेल लिहून घेतले. मग कोटेशनचा एक्सेल तक्ता नीट करून घेतला. कास्टिंगचं वजन, मशीनचा तासाचा दर, सायकल टाइम, इन्सर्टचा (कापणाऱ्या, बदलता येणाऱ्या टोकाचा) खर्च, पॅकिंग आणि भाडं भरलं की नगाचा दर निघतो. दर माझेच, सूत्रं त्याने बसवून दिली. हे सगळं सोपं होतं. कस लागला तो एका रिजेक्शनच्या वेळी, आणि ती गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण त्यात आमच्या वर्कशॉपची पद्धतच बदलली.

पुण्याकडच्या एका कंपनीला दोनशे हाउसिंग गेली होती. बोअर (आतलं गोल भोक) ८० मिलिमीटर, एच७. म्हणजे ८०.००० ते ८०.०३० च्या आत, तीस मायक्रॉनची जागा. त्यातल्या चौसष्ट नगांत त्यांचं गो गेज (भोक पुरेसं मोठं असेल तरच आत जाणारं माप) जाईना. बोअर लहान. अठ्ठेचाळीस तासांत एट-डी द्या, असा मेल आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एट-डी म्हणजे चूक का झाली, तिला आधी कसं आवरलं, मूळ कारण काय आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे आठ पायऱ्यांत लिहून द्यायचं. ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ च्या सुमारास रूढ केली आणि आज वाहन उद्योगातल्या सगळ्या पुरवठादारांना ती येते, किंवा यावीच लागते.

रात्री मी असिस्टंटला प्रश्न सांगितला आणि एट-डी लिहायला सांगितला. त्याने फार सुरेख लिहिला. मूळ कारण : इन्सर्ट झिजल्याने बोअर लहान झाला. उपाय : इन्सर्टचं आयुष्य दीडशे नगांवरून शंभरवर आणलं. सर्व ऑपरेटरना प्रशिक्षण दिलं. त्यानंतर सीपीके (मापं मर्यादेत किती भरवशाने बसतात त्याचा आकडा) १.६७ मिळाला. मी दोनदा वाचला. वाचताना बरं वाटलं, कारण बोअरिंगचा इन्सर्ट झिजला की बोअर लहान येतो हे कुठलाही सेटर सांगेल. पण प्रशिक्षण आम्ही दिलं नव्हतं. सीपीके काढला नव्हता. मी सांगितलंच नव्हतं ते त्याने आपल्या मनाने भरलं होतं, आणि तेही इतक्या ठामपणे की थकलेल्या माणसाला ते खरं वाटावं. आबांच्या नावाच्या लेटरहेडवर ते गेलं असतं तर ती चूक असिस्टंटची नव्हे, माझी असती. मी प्रिंट काढली आणि सकाळी मेस्त्रींना वाचून दाखवली.

आमचे मेस्त्री आबांच्या वेळेपासूनचे. मला अजून धाकलं मालक म्हणतात. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इन्सर्ट रात्री अकरालाच बदललाय. वहीत हाय बघा." वहीत होतं. मग गेज हातात घेऊन म्हणाले, "पोरानं तापलेला पीस मोजलाय. तापलेलं लोखंड खोटं बोलतंय, धाकलं मालक."

आम्ही लगेच करून पाहिलं. एक पीस बोअर केला, मशीनवरून उतरल्या उतरल्या बोअर गेज घातला : ८०.०११. पास. तोच पीस सर्फेस प्लेटवर ठेवला, चहा घेतला, चाळीस मिनिटांनी पुन्हा मोजला : ७९.९९९. नापास. बारा मायक्रॉन हवेत गेले होते. रात्रपाळीचा मुलगा प्रामाणिकपणे मोजत होता, प्रत्येक नग पास लिहीत होता, आणि टेम्पो पुण्याला पोचेपर्यंत नग निवून लहान होत होता.

आता मी असिस्टंटला वेगळा प्रश्न विचारला. आम्हाला काय दिसलं ते आकड्यांसकट सांगितलं आणि विचारलं, हे बसतं का? त्याने हिशेब मांडला : कास्ट आयर्न एका अंश तापमानाला दर मीटरमागे साधारण अकरा मायक्रॉन वाढतं, ८० मिलिमीटरला पंधरा अंशांचा फरक असेल तर तेरा मायक्रॉन. कागदावर मी स्वतः गुणाकार करून पाहिला. बसत होतं. मेस्त्रींनी तीस वर्षं बोटांनी ओळखलेली गोष्ट कंपनीच्या क्वालिटीवाल्यांना समजेल अशा भाषेत पहिल्यांदा कागदावर आली. उपायही मेस्त्रींचाच : पहिला आणि नंतर दर दहावा पीस निवायला ठेवून मोजायचा, आणि तापलेला मोजल्यावर ८०.०२० च्या खाली आला की मशीन थांबवून करेक्शन द्यायचं. तो रिपोर्ट पहिल्या फेरीत मंजूर झाला. त्याआधीचे आमचे रिपोर्ट दोन-दोनदा परत यायचे.

तेव्हापासून एक नियम ऑफिसच्या भिंतीवर लावलाय : आकडा गेजमधून किंवा वहीतून येईल, असिस्टंटकडून नाही. त्याला लिहायला देताना मी आधीच सांगतो, की जे मी दिलं नाही ते भरू नकोस, जागा मोकळी सोड. बहुतेक वेळा सोडतो. तरी प्रत्येक ओळ मी वाचतो. दुसरी गोष्ट ड्रॉइंगची. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मी त्याच्यात कधीच टाकत नाही. कंपनीशी गोपनीयतेचा करार केलेला असतो आणि भाग त्यांचा असतो. बोअर एवढा, टॉलरन्स एवढा, मटेरियल हे, इतकं सांगितलं की काम भागतं. माझ्या ओळखीच्या काही तरुण उद्योजकांना मी हे कळकळीने सांगितलंय, कारण वेळ वाचवायच्या नादात ते अख्खी फाइल टाकून मोकळे होतात.

पैशाच्या वसुलीत त्याची मदत मोठी झाली, आणि तिथे आमच्या सौभाग्यवतींनी सूत्रं हातात घेतली. लघुउद्योगाचे पैसे किती दिवसांत द्यायचे हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात स्पष्ट आहे. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या वर नाही, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराच्या नियमामुळे १ एप्रिल २०२४ पासून, ज्याने वेळेत पैसे दिले नाहीत त्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा मिळतो. हे सगळं मला आमच्या सीएंनी समजावलं होतं, पण गिऱ्हाइकाला लिहायचं कसं, हा प्रश्न होता. कायदा फेकून मारला तर संबंध तुटतात, आणि नुसतं "कृपया पेमेंट करावे" लिहिलं तर कुणी वाचत नाही. आता दर शनिवारी ती बिलांची यादी काढते, असिस्टंटकडून चार ओळींचं पत्र करून घेते : बिल नंबर, तारीख, झालेले दिवस आणि कायद्याचा एक मऊ उल्लेख. पहिला मसुदा नेहमी वकिली नोटिशीसारखा येतो. ती म्हणते, "जरा माणसासारखं लिही," आणि तो लिहितो. पूर्वी ऐंशी-नव्वद दिवसांवर जाणारी बरीचशी बिलं आता पन्नाशीच्या आत सुटतात. कामगारांचा पगार सात तारखेला होतो. आधी दोन-तीनदा तो दहा-बारावर गेला होता आणि त्याची मला आजही टोचणी आहे.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की सगळ्या गिऱ्हाइकांना त्याच संध्याकाळी पत्र जातं : रस्ता बंद होऊ शकतो, तयार माल आजच उचला. सगळ्यांची मिळून वीस मिनिटं लागतात. तो वाचलेला वेळ मी लोकांकडे बघण्यात घालवतो.

सात ते दहा हे माझे तास आता साधारण सात ते आठ झालेत. उरलेला वेळ मी मेस्त्रींबरोबर काढतो. ते येत्या दिवाळीला घरी बसणार. त्यांचे गुडघे दुखतात. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याही ड्रॉइंगवर नाही. फिक्स्चरमध्ये पातळ भिंतीचा पीस कुठे दाबायचा, ओतकामाची कड कडक लागली तर फीड किती कमी करायची, गेज सेटिंग रिंगवर कधी झिरो करायचं. चहाच्या सुट्टीत ते बोलतात, मी मोबाईलवर रेकॉर्ड करतो. असिस्टंट त्यांच्या बोलीतलं ते बोलणं नीट कामाच्या पायऱ्यांत लिहून देतो, मराठीत आणि हिंदीत. आमच्याकडे ओडिशाची तीन मुलं आहेत, म्हणून एकदा ओडियातही करून घेतलं. त्यातल्या एकाने वाचलं आणि म्हणाला, "सेठ, ये तो बोरवेल हो गया." बोअरच्या जागी कूपनलिका आली होती. ओडिया मला तपासता येत नाही, म्हणून आता त्यानेच दुरुस्त केल्याशिवाय ओडिया कागद मशीनला लावत नाही. त्याला त्या कामाचे वेगळे पैसे देतो.

आतापर्यंत एकतीस कागद झालेत. मेस्त्री प्रत्येक ऐकून घेतात, "हां, असंच" म्हणतात, किंवा "हे मी कवा बोललो?" असं विचारतात, आणि ते वाक्य जातं.

गेल्या सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, ते आपणहून शॉपवर आले. बोअरिंग बार (कापणारं टोक धरणारा दांडा) थरथरतो ते कसं ओळखायचं, एवढंच राहिलं होतं. मी मोबाईल पुढे धरला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हे बोलून न्हाई हुयाचं. मशीन लावा." मी मेन स्विच टाकला. त्यांनी बार बाहेर ठेवून बांधला, कट घेतला आणि शेडभर ती कर्कश किरकिर भरली. "हा वाईट आवाज. घेतला?" मग बार आत घेऊन आखूड बांधला, तोच कट, तोच फीड. आता नुसती एकसुरी घरघर. "हा चांगला. घेतला?"

दोन्ही आवाज घेतले. त्या कागदावर आता एकच वाक्य आहे आणि खाली क्यूआर कोड. मंगळवारी सकाळी ओडिशाचा तो मुलगा मशीनपाशी उभा राहून, कानात इयरफोन घालून, दोन्ही आवाज पुन्हा पुन्हा ऐकत होता.