तुम्ही विचारलंत म्हणून: जाहिरातीतले १२० घोडे जातात कुठे?

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला गेलं की कुणीतरी गाठतंच. पिंपरीकडच्या एका कारखान्यात इंजिनाच्या टेस्ट सेलमध्ये मी सव्वीस वर्षं काढली, ही बातमी टेकडीवर कधीच फुटली आहे. त्यात एआरएआय, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था, तिथेच, त्यामुळे गाड्यांचे प्रश्न लोकांना नेमके तिथेच सुचतात. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "मॅडम, जाहिरातीत १२० बीएचपी, म्हणजे १२० घोड्यांची ताकद, लिहिलंय. खरंच असतात का हो तेवढे? चालवताना तर काही जाणवत नाहीत."

असतात. आणि जाणवत नाहीत, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी कसं, ते चढावर चालता चालता सांगायला मला दम पुरत नाही. म्हणून लिहून टाकते.

मुळात तो आकडा गाडीचा नाहीच, इंजिनाचा आहे. टेस्ट सेलमध्ये इंजिन एकटंच बेडवर बोल्टांनी आवळलेलं असतं आणि त्याच्या शाफ्टला डायनामोमीटर, म्हणजे शक्ती मोजायचं यंत्र, जोडलेला असतो. थ्रॉटल पूर्ण उघडा. पंधराशे आरपीएमला (मिनिटाला पंधराशे फेरे) थांबायचं, तेला-पाण्याचं तापमान स्थिर झालं की टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवायचा जोर, लिहायचा, मग दोन हजार, मग अडीच हजार. असं वर जाता जाता एका जागी शक्ती सगळ्यात जास्त भरते आणि त्यापुढे उतरायला लागते. तो एक माथा तेवढा जाहिरातीत येतो. आम्ही कानांत बोळे घालून अख्खा आलेख काढायचो आणि छापून यायचा त्यातला एक ठिपका. याची रुखरुख मला अजून आहे.

पाण्याचा पंप, अल्टरनेटर, सायलेन्सर हे सगळं हल्ली लावूनच मोजतात. अमेरिकेत पूर्वी ते उतरवून मोजत आणि आकडे फुगवत. १९७२च्या सुमारास ते थांबलं. पण एसीचा कॉम्प्रेसर मोजताना बंदच असतो, आणि गिअरबॉक्स तर नसतोच. हवासुद्धा कागदावर बदलतात: २५ अंश तापमान आणि जवळजवळ समुद्रकाठचा दाब धरून आकडा दुरुस्त करतात. यात लबाडी काही नाही. असं केलं नाही तर मे महिन्यात मोजलेलं इंजिन आणि डिसेंबरात मोजलेलं इंजिन शेजारी ठेवताच येणार नाही. पण पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे. विरळ हवेमुळे टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाचे पाचेक टक्के घरच्या घरीच जातात, आणि महाबळेश्वरला पोचेपर्यंत तेराएक. टर्बोवालं इंजिन ही तूट बरीचशी भरून काढतं. टर्बो जरा जास्त जोरात फिरतो, एवढंच.

खरी गोम मात्र आकड्याच्या शेजारी असते. '१२० पीएस' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि पुढे बारीक अक्षरांत कितीतरी हजार आरपीएम. (पीएस हाही घोडाच, पण मेट्रिक मापाचा. पीएस आणि बीएचपी एक नव्हेत, १२० पीएस म्हणजे ११८ बीएचपी. यावर वाद घालणं मी सोडून दिलंय.) ते बारीक अक्षर वाचायचं.

माझ्या जावेकडे होंडा सिटी आहे: १२१ पीएस, ६६०० आरपीएमला. भाच्याकडे आधी चाकणमध्ये बनलेली पोलो जीटी टीएसआय होती, १.२ लिटरची: १०५ पीएस, ५००० आरपीएमला. कागदावर सिटी सोळाने पुढे. आता टॉर्क बघा. पोलोचा १७५ न्यूटन-मीटर, आणि तो १५०० पासून ४१०० पर्यंत सपाट. सिटीचा १४५, तोही ४३०० आरपीएमला. टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि ७०२३ ने भागायचं, की पीएस मिळतात. दोन हजार आरपीएमला पोलो जवळजवळ ५० पीएस देते. सिटीला तिचा सगळाच्या सगळा टॉर्क दोन हजारावरच बहाल केला, तरी ४१ होतात. प्रत्यक्षात त्याहून कमीच. नळ स्टॉपच्या सिग्नलवरून सुटताना, पुढे रिक्षा आणि डावीकडून स्कूटर असताना, तुमचं इंजिन दोन-अडीच हजारांतच फिरत असतं. तिथे १०५वाली गाडी १२१वालीपेक्षा तरतरीत वाटते, आणि ते मनाचे खेळ नसतात. सिटीवाल्यांनी रागावू नये. मोकळ्या रस्त्यावर ते इंजिन वरपर्यंत खेचलं की सगळं व्याजासकट परत देतं. पण कर्वे रोडवर ६६०० पर्यंत कोण नेतंय?

तर हा भाचा. पोलो विकून त्याने १२० पीएसची एक टर्बो हॅचबॅक घेतली, आणि मागच्या एप्रिलात माझ्याकडे आला. "मावशी, मला फसवलंय. गाडीत दम नाही." म्हटलं, चल, मोजून घेऊ. शहराबाहेर एकाकडे रोलिंग डायनो आहे, म्हणजे रुळांवर चाकं फिरवून शक्ती मोजायचं यंत्र. गाडी पट्ट्यांनी बांधली, समोर पंखा लावला. भर दुपारी, ४० अंशांत. पहिल्या फेरीत चाकांवर १०१ पीएस भरले. भाच्याचा चेहरा पडला. लगेच दुसरी फेरी केली तर ९६. आता तो भांडायच्या बेतात होता, डायनोच्या मालकाशी की माझ्याशी ते कळेना.

खरं तर दोन्ही आकडे चांगले होते. इंजिनापासून चाकापर्यंत गिअर, बेअरिंग, जॉइंट, टायर मिळून दहा ते पंधरा टक्के खातातच. दुसऱ्या फेरीतले पाच गेले ते उष्णतेने. पंखा कितीही मोठा असला तरी धावत्या गाडीसारखं वारं देत नाही, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापून बसतो, आत गरम हवा जाते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजिन वाचवायला ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो. हेच हिंजवडीच्या कोंडीत अर्धा तास रांगल्यावर होतं. मग समोर जागा मिळाली की तुम्ही पाय दाबता, आणि गाडी जांभई देते.

गंमत पुढेच आहे. मालकाने सहज विचारलं, "करेक्शन कुठलं लावू?" एक बटण दाबलं की चाकांवरचा आकडा इंजिनाच्या आकड्याजवळ जातो, दुसरं दाबलं की थंड हवेतला. टर्बोच्या गाडीला साध्या इंजिनाचं करेक्शन लावलं तर न केलेल्या कामाचेही गुण मिळतात. म्हणून "डायनोवर माझी १३० भरली" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, बटण कुठलं दाबलं होतं?

वजनाचंही बघायला हवं. रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो १४५ पीएसची, बलेनो आरएस १०२ची. फरक ४३ घोड्यांचा, म्हणजे वेगळ्याच जातीच्या गाड्या वाटतात. पण अबार्थ सुमारे बाराशे किलोंची आणि बलेनो साडेनऊशेच्या आसपास. टनामागे हिशेब केला तर १२१ आणि १०७. अबार्थ पुढे आहेच, पण एवढीशीच.

कंपन्या खोटं बोलतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. २००१ साली माझ्दाने अमेरिकेत एमएक्स-५ची जाहिरात १५५ हॉर्सपॉवरची केली, निघाले १४२. कंपनीने चूक मान्य करून गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. उलटही झालंय. जपानी कंपन्यांनी १९८९ पासून २००४ पर्यंत आपसांत ठरवून २८० पीएसच्या वरचा आकडा छापलाच नाही. त्यातल्या काही गाड्या २८० हून बऱ्याच जास्त देत होत्या. घोडा हे माप तरी कुठून आलं? जेम्स वॉटला वाफेची इंजिनं विकायची होती, आणि गिऱ्हाइकांकडे घोडे होते.

आणि एक हिशेब, जो ऐकून लोक नाराज होतात. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाने नुसतं जात राहायला लहान गाडीला पंधरा ते वीस पीएस पुरतात. एक्स्प्रेसवेवर मर्यादाच शंभरची आहे. म्हणजे किवळ्यापासून घाटाच्या तोंडापर्यंत तुमचे शंभर घोडे नुसते बसून येतात. ते उठतात ट्रक ओलांडताना, सात-आठ सेकंदांसाठी.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा शून्य ते शंभर किती सेकंदांत, ते विचारू नका. शोरूमचा मुलगा रिकाम्या सपाट रस्त्यावर फिरवून आणेल, तेही नको. घरचे चौघं बसवा, एसी लावा, कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे चढवा. तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमला, पाय हलकेच दाबा. गाडी सरळ ओढायला लागली, का आधी गिअर खाली टाकावा लागला, एवढंच बघा.

भाच्याला हे सगळं सांगून झालं. त्याने शहाण्यासारखी मान हलवली. मालकाने दोन कागद छापून दिले होते: एक १०१चा आणि एक बटण दाबून ११७ केलेला. पहिला माझ्याकडे आहे, कारण तो त्याने गाडीत सीटवर तसाच टाकून दिला होता. दुसरा त्याने लॅमिनेट करून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलाय.